आंबोलीतील पावसाळी रात्रफेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत आंबोलीच्या रात्रफेरीविषयी जे प्रश्न आम्हाला फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. साध्या प्रश्नांपासून आरंभ करून अडचणीच्या प्रश्नांकडे गेलो आहोत आणि एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रात्रफेरी म्हणजे नेमके काय? ती सफारीसारखी असते का?

नाही. सफारीत वाहन असते आणि प्राणी लांबून पाहायचा असतो. रात्रफेरी पायी करायची असते आणि तीत पाहायचे ते बहुतेक हातभर अंतरावर असते. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील आंबोली हे सुमारे 690 मीटर उंचीवरचे, घाटमाथ्याच्या अगदी काठावरचे गाव आहे आणि महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. येथे रात्री साडेसातच्या सुमारास सहा ते आठ जण एका वाटाड्यामागून निघतात आणि रस्त्याच्या कडेने, सड्यावरून (उघड्या खडकाळ पठारावरून), ओहोळाच्या काठाने साधारण अडीच तास चालतात. एवढ्या वेळात जेमतेम दीड किलोमीटर अंतर होते. हा आकडा ऐकून पुष्कळांची निराशा होते, पण पहिल्या बांधापाशीच वीस मिनिटे गेली की तीच माणसे पुढे चला म्हणायचे विसरतात.

२. बिबट्या किंवा वाघ दिसेल का?

ती अपेक्षा ठेवून येऊ नये. या डोंगरांत बिबट्या आहे, गवा आहे, अस्वल आहे, आणि आंबोलीपासून तिलारीपर्यंतच्या जंगलपट्ट्यात वाघाचाही वावर आहे. परंतु बोलत, विजेऱ्या घेऊन पायी चालणाऱ्या माणसांपासून हे प्राणी सहसा दूर राहतात आणि त्यांनी तसे राहावे हेच दोघांच्याही हिताचे आहे. उदमांजर झाडावरून डोळे चमकवून जाते, क्वचित साळिंदर रस्ता ओलांडते. आमची फेरी मात्र मुळात लहान जिवांसाठी आहे.

३. मग पाहायला मिळते तरी काय?

सर्वांत आधी कानाला मिळते. अंधार पडला की कारवीच्या झुडपांतून झुडपी बेडकांची टकटक सुरू होते, दोन खडे एकमेकांवर आपटावेत तशी. आवाज काढणारा प्राणी अंगठ्याच्या पेराएवढा असतो आणि नेमका कोठे बसला आहे हे शोधताना अनुभवी माणसाचीही दमछाक होते. ओरडतो तो नर. गळ्याखालची पिशवी फुगवून तो मादीला बोलावत असतो. आंबोलीचे नाव धारण करणारा एक झुडपी बेडूक, स्यूडोफिलॉटस अंबोली, पाण्यात अंडी घालतच नाही. मातीत घातलेल्या अंड्यांतून शेपटीवाली पिल्ले, म्हणजे भैकेर, न निघता थेट इवलेसे बेडूक बाहेर पडतात.

पाण्यावर वाकलेल्या फांद्यांवर मलबारचा उडता बेडूक असतो. हिरवागार, बोटांमध्ये लालसर पडदे असलेला हा बेडूक एका झाडावरून दुसऱ्याकडे तरंगत जातो. मादी अंगातून पाझरलेला द्रव मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते आणि त्यात अंडी घालते. ताक घुसळताना वर येणाऱ्या फेसाची आठवण व्हावी असा तो पांढरा गोळा पानांत गुंडाळलेला दिसतो. काही दिवसांनी पिल्ले त्यातून सुटून खालच्या पाण्यात टपटप पडतात.

चापडा हा विषारी साप पाहण्यासाठी तर लोक मुद्दाम येतात. मलबारी चापडा हिरवा, पिवळा, तपकिरी अशा अनेक रंगांत आढळतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधील खळगीने तो भक्ष्याच्या अंगाची उष्णता ओळखतो आणि एकाच जागी दिवसचे दिवस दबा धरून बसतो. एका जुलैमध्ये ओहोळाकाठच्या एका फांदीवर आम्ही पिवळा चापडा सलग नऊ रात्री पाहिला. मान खाली झुकलेली, पाऊस अंगावरून ओघळतोय, आणि थेंब नाकाच्या टोकाशी येऊन थांबला की जीभ एकदा बाहेर येऊन तो टिपून घ्यायची; एवढी एकच हालचाल. दहाव्या रात्री फांदी रिकामी होती. याशिवाय मांजऱ्या साप, फांदीच्या टोकाला वेटोळे करून झोपलेला हरणटोळ, विंचू, रंगीत खेकडे, पतंग आणि नशीब असेल तर गांडुळासारखे दिसणारे, प्रत्यक्षात बेडकांच्या गोत्यातले देवगांडूळ दिसते. त्याची एक जात, जेजेनिओफिस दानिएली, 2003 मध्ये आंबोलीतूनच शास्त्राला नव्याने माहीत झाली.

४. केवळ आंबोलीतच आढळतो असा भेक कोणता?

झँथोफ्रिन टायग्रिना, म्हणजे आंबोली टोड. 2009 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असल्याने त्याला हे नाव मिळाले. झँथोफ्रिन या गटात आजवर दोनच जाती ज्ञात आहेत, दुसरी कोयनेची. तो अतिसंकटग्रस्त गणला जातो, कारण त्याचे सारे जग म्हणजे आंबोलीच्या परिसरातील जांभ्याचे सडे. पावसाच्या आरंभी सड्यावरील खळग्यांत बोट बुडेल न बुडेल एवढे पाणी साचते आणि त्याच पाण्यात तो अंडी घालतो. ज्याला आपण डबके म्हणून ओलांडून जातो किंवा ज्यात गाडीचे चाक घालतो, ते त्याचे बाळंतघर असते. म्हणून सड्यावर वाटाडा सांगेल तेथेच पाऊल टाकावे, हा आमचा एकमेव नियम आहे ज्याला अपवाद नाही.

2014 मध्ये येथूनच वर्णिलेल्या दुसऱ्या एका बेडकाचे नाव इंडिराना चिरावासी आहे. चिऱ्यांत वास करणारा तो चिरावासी, असे सरळ मराठी शब्दांतून घडलेले नाव शास्त्रात आहे याचा आम्हाला मनापासून आनंद वाटतो.

५. कोणत्या महिन्यात यावे?

आंबोली टोड आणि फेसाची घरटी पाहायची असतील तर पाऊस सुरू झाल्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. साप आणि एकंदर विविधता ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही चांगली असते. काजव्यांसाठी विचारणा होते. त्यांचा बहर पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जून, असतो आणि त्यासाठी भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची ही ठिकाणे अधिक प्रसिद्ध आहेत. डिसेंबरपासून आम्ही फेऱ्या घेत नाही. कारण प्रश्न १९ मध्ये आहे.

६. पाऊस कोसळत असेल तर फेरी रद्द होते का? आणि पाऊस पडलाच नाही तर?

रिमझिम असेल तर ती उत्तम वेळ. मुसळधार पावसात बेडकांचा आवाज ऐकू येत नाही, ओहोळाचे पाणी अचानक वाढते आणि घाटात दरडी येतात. अशा वेळी वाटाडा फेरी रद्द करतो किंवा अर्ध्यावरून परत आणतो आणि त्याचा शब्द अंतिम असतो. कोरड्या रात्री बेडूक कमी दिसतात, पण साप, पाली आणि कोळी पाहायला अडचण येत नाही.

७. अमावास्येला यावे की पौर्णिमेला?

पावसाळ्यात आंबोलीचे आकाश बहुधा ढगांनी आणि धुक्याने भरलेले असते, त्यामुळे तिथी पाहून येण्याची आवश्यकता नाही.

८. कपडे आणि पादत्राणे कोणती असावीत?

गुडघ्यापर्यंतचे गमबूट सर्वांत चांगले. ते साप, जळवा आणि चिखल या तिन्हींपासून वाचवतात. चप्पल किंवा सँडल घातलेल्या व्यक्तीला आम्ही सोबत नेत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार आणि फार खसखस न करणारा रेनकोट असावा. छत्री झुडपांत अडकते आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांत जाते. अत्तर लावू नये. पायाला कापलेले किंवा खरचटलेले असेल तर ते झाकून घ्यावे, कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग जखमेवाटे होऊ शकतो आणि कोकणात दर पावसाळ्यात हा आजार आढळतो. फेरीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर आपण पाण्या-चिखलातून फिरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

९. विजेरी कोणती आणावी? मोबाइलची चालेल का?

मोबाइलची चालणार नाही. ती ओली होते, हात अडकतो आणि तिचा प्रकाश जवळच पसरून जातो. डोक्याला बांधायची एक आणि हातात धरायची एक, अशा दोन विजेऱ्या आणाव्यात. डोक्यावरच्या विजेरीचा एक मोठा लाभ असा की, प्रकाश आपल्या नजरेच्या रेषेतून जात असल्यामुळे प्राण्यांच्या डोळ्यांतून परतणारी चमक थेट आपल्याला दिसते. गवतावर दवबिंदूसारखे शेकडो निळसर-हिरवे ठिपके लुकलुकताना दिसले आणि जवळ गेल्यावर प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक कोळी बसलेला आढळला, की नवख्या माणसाचा श्वास क्षणभर थांबतो. वाटाड्याकडे अतिनील विजेरी असते. तिच्या प्रकाशात काळा विंचू निळा-हिरवा उजळतो. ती विजेरी थोडाच वेळ लावली जाते आणि तिच्याकडे डोळ्यांनी थेट पाहू नये.

१०. जळवांचे काय करावे?

जळू चावली तर दुखत नाही आणि तिच्यापासून येथे कोणता रोग होत नाही, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. ओढून काढू नये. तिच्या बारीक टोकाखाली नख सरकवून आधी ते टोक सोडवावे, मग दुसरे. तंबाखू, मीठ किंवा काडेपेटी वापरण्याचा सल्ला गावोगाव मिळतो, परंतु त्यामुळे ती पोटातले जखमेत ओकण्याची शक्यता असते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्यामुळे काही वेळ रक्त वाहत राहते. साबण-पाण्याने धुऊन कापूस दाबून धरावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र निघण्यापूर्वी तसे सांगावे.

११. अंधारात साप चावण्याची भीती वाटते. ती खरी आहे का?

भीती स्वाभाविक आहे आणि ती पूर्ण निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. मण्यार रात्रीच फिरते, घोणस वाटेवर पडून राहते आणि पाचोळ्यात बसणारा नाकाड्या चापडा पानांतून वेगळा ओळखू येत नाही. परंतु पाय न पाहता टाकणे, फांदीला आधारासाठी हात घालणे आणि फोटोसाठी सापाच्या फार जवळ जाणे या तीन गोष्टी टाळल्या तर धोका फारच थोडा उरतो. सर्वांनी एकामागे एक चालावे, वाटाड्याच्या पुढे जाऊ नये आणि कठड्यावर किंवा दगडावर प्रकाश टाकून पाहिल्याशिवाय टेकू नये.

१२. चावलाच तर काय करायचे?

माणसाला बसवावे, धीर द्यावा, चावलेला अवयव फळीला किंवा काठीला सैल बांधून स्थिर ठेवावा, अंगठी-घड्याळ काढावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून सावंतवाडीच्या रुग्णालयाकडे न्यावे. चिरा घेऊ नये, चोखू नये, करकचून बांधू नये, साप पकडून नेण्याच्या नादी लागू नये. भारतात मिळणारे सर्पविषरोधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी आहे. चापड्याच्या विषावर ते उपयोगी नाही. त्याच्या दंशाने वेदना आणि सूज येते, मृत्यू अत्यंत विरळ, आणि उपचार लक्षणांनुसार होतात. म्हणून साप कोणता होता याचे वर्णन, सुरक्षित अंतरावरून काढलेला फोटो असल्यास तो, डॉक्टरांना दाखवावा. हे सर्व ठरवणे डॉक्टरांचे काम आहे, आपले काम वेळेत पोहोचवणे.

१३. गवा समोर आला तर?

आम्हाला सापापेक्षा गव्याची अधिक काळजी वाटते. धुक्यात तो दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. त्याच्या डोळ्यांवर प्रकाश रोखू नये, ओरडू नये, पळू नये. वाटाड्यामागे सर्वांनी सावकाश मागे सरायचे आणि फेरी तेथेच संपवायची. अस्वलाची चाहूल लागली तरी हेच.

१४. लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिक येऊ शकतात का?

आठ वर्षांवरील मूल, जे अर्धा तास हळू आवाजात बोलू शकते, ते उत्तम निरीक्षक असते. बहुतेक रात्री बेडूक आधी मुलांनाच सापडतो, कारण त्यांचे डोळे झुडपाच्या उंचीवर असतात. ज्येष्ठांसाठी डांबरी रस्त्याच्या कडेची छोटी फेरी सुचवतो. पाळीव कुत्रा आणता येणार नाही.

१५. फेरीसाठी वनविभागाची परवानगी लागते का?

कोठे चालायचे यावर ते अवलंबून आहे. 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे, त्यामुळे फेऱ्या रस्त्यालगत, गावाच्या जमिनीतून किंवा मालकाच्या संमतीने खासगी जागेतून होतात. आंबोली, चौकुळ आणि गेळे येथे कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांच्या पूर्वापार सामाईक वहिवाटीच्या, जमिनींचा प्रश्न फार जुना असून कोणती जागा कोणाची हे बाहेरच्या माणसाला कळणे कठीण आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाकडे आम्ही रात्री नेत नाही. तेथील कुंडात 2020 मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात वर्णिली गेली आणि 2021 मध्ये राज्य शासनाने ते स्थळ जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. ते स्थळ मंदिरासह दिवसा पाहावे.

१६. आम्ही मागच्या वर्षी आलो होतो, वाट माहीत आहे. यंदा आमचे आम्ही गेलो तर?

कृपया जाऊ नये. प्रश्न ११, १३ आणि १५ मधील कारणे आहेतच, पण त्यांहून मोठे कारण सड्यावरील टोडची अंडी आहे. ती कोणत्या खळग्यात आहेत हे दर आठवड्याला बदलते आणि ते रोज फिरणाऱ्या स्थानिक माणसालाच ठाऊक असते.

१७. फोटो काढता येतील का? फ्लॅश चालतो का?

फोटो जरूर काढावेत. एका प्राण्यावर दोन-तीनपेक्षा अधिक फ्लॅश मारू नयेत, प्रकाश पसरवणारा पडदा वापरावा आणि ओरडणारा नर गप्प झाला तर दिवे बंद करून मागे सरावे, कारण त्याच्या हंगामातील मोजक्या रात्री आपण खर्च करत असतो. आवाजाचे ध्वनिमुद्रण लावून बेडकाला किंवा घुबडाला बोलावणे, फांदी वाकवणे, साप काठीने उचलून चांगल्या पार्श्वभूमीवर ठेवणे, हे काहीही चालणार नाही. काही वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका गटाने चापड्याला तीन वेळा फांदी बदलायला लावली होती. दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतर तो साप त्या ओहोळावर पुन्हा दिसला नाही. फोटो प्रसिद्ध करताना गावाचे नाव पुरेसे आहे. नेमकी जागा आणि फोटोतील स्थाननोंद काढून टाकावी.

१८. बेडकाला हात लावू नका म्हणता, पण रस्त्यावर बसलेला बेडूक गाडीखाली येणार असेल तर?

हा खरा अपवाद आहे. सर्वसाधारण नियम असा की हात लावायचा नाही: बेडूक त्वचेवाटे पाणी आणि काही प्रमाणात श्वासही घेतो, आणि आपल्या हातावरील मीठ, साबण किंवा डास पळवणारे मलम त्याला अपाय करते, शिवाय वन्यजीव पकडण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. परंतु घाटरस्त्यावर पावसाच्या रात्री चाकांखाली मरणारे बेडूक आम्ही मोजून थकलो आहोत. आधी त्याच्या मागे पाय हलक्याने आपटून त्याला स्वतः जाऊ द्यावे. नाहीच हलला तर मलम न लावलेले हात पावसाच्या पाण्याने पूर्ण ओले करून, ओंजळीत घेऊन, तो ज्या दिशेला तोंड करून बसला होता त्याच बाजूला ठेवावे. उलट बाजूला ठेवल्यास तो पुन्हा रस्ता ओलांडायला निघतो. साप असेल तर हात लावू नये. गाड्यांना विजेरीने थांबवावे. हे करताना स्वतः वळणावर उभे राहू नये.

फेसाचे घरटे फांदीसह गळून पडलेले दिसले तर ते वाटाड्याला दाखवावे. खाली पाणी असेल तर काही करण्याची गरज नसते; कोरड्या जागी पडले असेल तर तो पानासकट उचलून डबक्यावरच्या फांदीला अडकवतो.

१९. सिंधुदुर्गात माकडताप आहे असे ऐकले. पावसाळ्यात धोका असतो का?

माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगल रोग, 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा भागात प्रथम ओळखला गेला आणि 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. तो गोचिडींच्या चाव्यातून होतो आणि त्याचा काळ प्रामुख्याने डिसेंबर ते मे असा कोरड्या ऋतूचा आहे, म्हणूनच त्या महिन्यांत आम्ही फेऱ्या घेत नाही. पावसाळ्यात ही भीती फारशी नसते, तरी मुक्कामी परतल्यावर अंग तपासावे.

२०. निघण्यापूर्वी आमचे बूट धुवायला का लावता? ते स्वच्छच आहेत.

उभयचरांच्या त्वचेला होणारा कायट्रिड बुरशीचा रोग जगात अनेक जाती नष्ट होण्यास कारणीभूत ठरला आहे आणि ती बुरशी पश्चिम घाटातील बेडकांवरही आढळली आहे. ती ओल्या चिखलातून एका डबक्यातून दुसऱ्यात जाते. कोयना, भीमाशंकर किंवा अगुंबे करून तेच बूट घालून आलेल्यांना आम्ही अधिक आग्रहाने विचारतो. घरी बूट घासून पूर्ण वाळवून आणले तर येथील धुण्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

२१. काहीच दिसले नाही तर पैसे परत मिळतात का?

नाही. शुल्क वाटाड्याच्या वेळेचे आणि ज्ञानाचे असते. दाखवण्याची हमी दिली की वाटाड्यावर प्राणी हुडकून, हुसकावून समोर आणण्याचा दबाव येतो. हवामानामुळे फेरी रद्द केली तर रक्कम परत मिळते किंवा दुसरी रात्र दिली जाते.

२२. फेरी संपल्यावर त्याच रात्री घाट उतरून सावंतवाडीला किंवा गोव्याला गेलो तर चालेल का?

शक्यतो नाही. साडेदहानंतर घाटात धुके एवढे दाट असते की समोरचा पांढरा पट्टाही दिसत नाही आणि नेमकी तीच वेळ बेडूक रस्त्यावर येण्याची असते. आंबोलीत किंवा चौकुळमध्ये मुक्काम करावा. जाणे अपरिहार्य असेल तर वेग ताशी वीस किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नये, शेजारी बसणाऱ्याने झोपू नये, आणि रस्त्यावर पान हलल्यासारखे वाटले तर ते पान नाही असे धरून गाडी थांबवावी.